मदत हवी आहे: गेम बॉयच्या (निन्टेंडोचा हातात धरायचा गेम, मॉडेल डीएमजी-०१) स्क्रीनवरच्या उभ्या रेघा गायब

खटका
१९८९ चं करडं मॉडेल दुरुस्तीला घेतलं आहे. डावीकडे ५ आणि मध्याच्या जरा उजवीकडे ४ उभ्या रेघा उमटत नाहीत. कार्ट्रिज (गेमची वडी) न घालता सुरू केल्यावर वरून उतरणाऱ्या काळ्या पट्टीतही त्याच जागी फटी दिसतात, म्हणजे कार्ट्रिजचा संबंध नाही. कॉन्ट्रास्टचं चाक फिरवूनही फरक नाही. दोन बोर्डांना जोडणाऱ्या रिबनची टोकं आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसली. ब्रिक गेममध्ये काचेखालची रबरी पट्टी पुसली की रेघा परत येतात, तशी पट्टी इथे दिसत नाही. काच बदलावीच लागेल का?
आणखी एक: हातात जरा हलला की मध्येच रीसेट होतो.

उभी_आडवी
काच बदलायची घाई नको. स्क्रीनवर १६० उभे आणि १४४ आडवे ठिपके आहेत, आणि प्रत्येक उभ्या रेघेला स्वतःची वेगळी वाट आहे. काचेवरचे पारदर्शक इलेक्ट्रोड सोल्डर धरत नाहीत, म्हणून तपकिरी फ्लेक्स (लवचीक, आत तारा असलेली) पट्टी काचेच्या खालच्या काठाला वाहक गोंदाने, उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेली आहे. वर्षानुवर्षांच्या उष्ण-थंडाने गोंद कडक होतो आणि एकेक वाट सुटते. मूळ रचनेतली ही खरी कमकुवत जागा. ब्रिक गेमच्या रबरी पट्टीत गोंद नसतो, ती नुसती दाबून बसवलेली असते, म्हणून तिथे पुसून भागतं. इथे मळ हे कारणच नाही. त्या काठाला आयपीए लावू नका, गोंद आणखी सुटेल.

खात्री अशी करा: बोर्ड बाहेर काढून, चालू ठेवून, काचेच्या खालच्या काठावरची फ्लेक्स बोटाने हलकेच दाबा. रेघा लुकलुकल्या तर निदान पक्कं.

मागचे ६ ट्राय-विंग (तीन पात्यांच्या खाचेचे) स्क्रू काढा (२ बॅटरीच्या खणात आहेत). दोन भाग फटकन वेगळे करू नका, मधली रिबन कनेक्टरमधून सरळ ओढून सोडवा. पुढचा बोर्ड साध्या फिलिप्स स्क्रूंवर आहे. फ्लेक्सपाशी रबराची पट्टी असेल तर ती अलगद काढून ठेवा.

मग सोल्डरिंग आयर्न. तापमान बदलता येणारंच घ्या, साधारण २०० अंशांपासून सुरुवात करा. टोक स्वच्छ हवं, त्यावर कथील नको. सुटलेल्या रेघांच्या समोर फ्लेक्सवर टोक आडवं ठेवून हलक्या दाबाने, न थांबता, एका दिशेने सरकवा. एका जागी टोक थांबलं की प्लॅस्टिक करपतं आणि चालू असलेल्या रेघाही जातात. दृश्य भागावर टोक टेकलं तर पोलरायझरवर (काचेवरच्या प्रकाश गाळणाऱ्या थरावर) कायमचा डाग पडेल. हॉट एअर गन तर अजिबात नको.

कथील_धूर
वरचं सगळं बरोबर, एक भर. चालू ठेवून आयर्न फिरवलं की रेघा परत येताना दिसतात, म्हणून पुष्कळ जण तसं करतात. पण आपल्याकडची स्वस्त आयर्न दोन पिनांची असतात, टोकाला अर्थिंग नसतं आणि गळका करंट थेट स्क्रीन चालवणाऱ्या ड्रायव्हर चिपमध्ये जाऊ शकतो. अर्थिंग नसेल तर बंद करा, फिरवा, मिनिटभर थंड होऊ द्या, मग तपासा.
आडव्या रेघा गेल्या असत्या तर हा उपाय मी इतक्या सहज सुचवला नसता. ती फ्लेक्स बाजूच्या काठाला आहे आणि तिथे हात नीट पोचत नाही.

पितळी_पाती
रीसेटचं मूळ बहुतेक पॉवर स्विचमध्ये आहे. आतल्या पात्यांवर ऑक्साइड चढला की व्होल्टेज क्षणभर खाली जातं. सेल काढून स्विचच्या फटीत ९९ टक्के आयपीएचे २-३ थेंब टाका, २५-३० वेळा पुढेमागे करा, पूर्ण वाळू द्या. खणातल्या स्प्रिंगांवर हिरवट-पांढरी पूड असेल तर ती आधी व्हिनेगरच्या कापसाने पुसा, मग आयपीएने.

खटका
दाबल्यावर रेघा लुकलुकल्या. अर्थिंगचं आयर्न वापरून दोन फेऱ्यांत ९ पैकी ७ परत आल्या. स्विच साफ केल्यावर रीसेट थांबला. उरलेल्या दोघींसाठी तापमान वाढवू का? आणि चाचणीला घरातलं ६ व्होल्टचं अॅडाप्टर चालेल?

उभी_आडवी
तापमान तेवढंच ठेवा, वेग कमी करा, आणि आयर्न उचलल्यावर लगेच खोडरबराने १० सेकंद दाबून धरा. गोंद थंड होताना दाब मिळाला तरच पकड बसते. तीन फेऱ्यांनंतरही आल्या नाहीत तर थांबा.
अॅडाप्टरची पोलॅरिटी आधी बघा. मूळ अॅडाप्टर ६ व्होल्ट, २५० मिलिअँप, आणि मधली पिन ऋण. आजच्या बहुतेक अॅडाप्टरची मधली पिन धन असते. ते लावू नका, ४ डबल-ए सेलांवरच तपासा.