मदत हवी आहे: मानेचा व्यायाम झोपून जमतो, बसल्यावर बिघडतो

जुनाट मानदुखीत मानेच्या खोल स्नायूंचा व्यायाम उताणं झोपून बराच नीट होतो. मानेखाली दाब दाखवणारा काटा जोडलेली हवेची पिशवी, सुरुवातीचा दाब 20 मिलिमीटर पारा, 'हो' म्हणताना हलते तितकीच हनुवटी हलवायची आणि 2-2 ने 30 पर्यंत जायचं. प्रत्येक पायरीवर 10 सेकंद, 10 वेळा. गळ्याच्या बाजूचे वरवरचे स्नायू दोरीसारखे ताणले, की काटा चढूनही उपयोग नाही. तिथून एक पायरी खाली यायचं.

खरी अडचण बसल्यावर येते. 'हनुवटी आत घ्या' म्हटलं की लोक ती जोरात दाबतात, छाती पुढे काढतात, श्वासही रोखतात. आधी कंबर सरळ, मग खांद्याची पाती किंचित मागे-खाली आणि शेवटी डोक्याचा मागचा भाग वर, या क्रमाने सांगितलं तर थोडं सुधारतं, पण कामात लक्ष गेलं की पुन्हा तेच.

झोपून 30 गाठण्याआधीच बसून सराव सुरू करता का? पात्यांचे व्यायाम सोबत की नंतर? दिवसभरात आठवण किती वेळाने द्यावी? (हातात मुंग्या, अशक्तपणा किंवा चालताना तोल जाणारे रुग्ण यात धरलेले नाहीत, त्यांची आधी डॉक्टरांकडून तपासणीच हवी.)