बडोद्याहून विंडसर्फिंगसाठी मोटारीने: मांडवी, दीव की शिवराजपूर?

रावपुरा_शीडवाला:
नमस्कार. एप्रिलच्या मध्यास जोडून येणाऱ्या सुट्ट्यांत मी आणि माझा भाचा मोटारीने विंडसर्फिंगसाठी निघणार आहोत. बोर्ड आणि शिडे आमची स्वतःची आहेत. गोव्यात रीतसर शिकलो असल्याने बेताच्या वाऱ्यात वळणे जमतात; मात्र पाण्यात पडल्यावर वाऱ्याच्या जोरानेच शिडासकट पुन्हा बोर्डावर उभे राहणे भाच्याला अद्याप साधलेले नाही. बडोद्याजवळ सोयीचे पाणी नाही, कारण आजव्याचे सरोवर पिण्याच्या पाण्याचे आणि शिवाय मगरींचे, तर खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक भावनगरपाशी दहा मीटरपर्यंत जातो आणि पाणी ओसरले की नुसता चिखल उरतो. म्हणून मांडवी, दीवचा नागवा किनारा आणि द्वारकेजवळचे शिवराजपूर ही तीन नावे काढली आहेत. घरच्यांचा कल द्वारकेकडे आहे, कारण देवदर्शनही होईल. द्वारकेचा परिसर, म्हणजे ओखामंडळ, एके काळी गायकवाडांच्याच राज्यात होता, हा आमच्या आजोबांचा जादा मुद्दा. निवड कशाच्या आधारावर करावी?

खारावारा:
किनारा किती स्वच्छ किंवा देखणा आहे यावरून ठरवू नका. शिवराजपूरला २०२० साली ब्लू फ्लॅग मिळाला हे खरे, पण तो स्वच्छता, सुरक्षितता आणि सोयींबद्दलचा दाखला आहे, वाऱ्याबद्दलचा नव्हे. एप्रिलमध्ये सौराष्ट्र-कच्छच्या किनाऱ्यावर आपल्याला मिळतात ते मुख्यतः दुपारचे खारे वारे: जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमारास ते सुरू होतात, तिसऱ्या प्रहरी भरास येतात आणि सूर्यास्ताच्या आसपास मंदावतात. त्यांचा रोख बहुधा पश्चिमेकडून असतो. आता किनाऱ्याचे तोंड कोणीकडे आहे ते पाहा. शिवराजपूर पश्चिमेच्या खुल्या समुद्राला सामोरे असल्याने वारा आणि लाटा दोन्ही अंगावर येतात, आणि शीड उचलून पाण्यात शिरण्यातच निम्मा दम जातो. मांडवीचा किनारा दक्षिणाभिमुख आहे. तेथे पश्चिमेचा वारा किनाऱ्याला जवळपास समांतर वाहतो, त्यामुळे बाहेर जाणे आणि परत येणे दोन्ही सुलभ होते, आणि भाचा पडून वाहत गेलाच तर खोल समुद्रात न जाता वाळूच्या कडेकडेने पुढे सरकेल. तेथील किनाऱ्यावर पवनचक्क्या उभारल्या गेल्या, त्या काही शोभेसाठी नव्हेत. एक मात्र पक्के लक्षात ठेवा: पहाटेपासून सकाळपर्यंत मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि पाणी काचेसारखे दिसले तरी त्या वेळी शिडासह आत जाऊ नये.

दांडियाबाजारकर:
वरील विवेचन मान्य असूनही भाच्याचा विचार करता मी दीव सुचवीन. नागव्याचा किनारा घोड्याच्या नालेसारखा वळलेला असल्याने लाट मोडून येते आणि पाणी त्या मानाने शांत राहते. ज्याला अजून पुनःपुन्हा पडून उठायचे आहे त्याला हेच हवे. अडचण गर्दीची आहे. सुट्टीच्या दिवशी पॅरासेलिंगच्या बोटी आणि पोहणारे यांच्यामधून बोर्ड काढणे धोक्याचे होते, आणि त्या गर्दीतल्या अर्ध्याअधिक मंडळींना दीवला समुद्राने ओढून आणलेले नसते, हे गुजरातेत राहणाऱ्यांना मी काय सांगावे! त्यामुळे जाणे झाले तर सुट्टीचे मुख्य दिवस टाळूनच जावे.

रावपुरा_शीडवाला:
दोघांचे आभार. आमच्या सुट्ट्या नेमक्या गर्दीच्याच दिवसांत येतात, त्यामुळे दीव मागे पडते. मांडवीला जाऊन परतताना दीव करता येईल का? आणि भरतीचा हिशेब कसा धरावा?

खारावारा:
दोन्हींचा मोह धरू नका. मांडवीच सुमारे ५०० किलोमीटर दूर आहे, आणि तेथून सौराष्ट्रात उतरायचे तर कच्छच्या आखाताला माळियाकडून वळसा घालावा लागतो. एक अख्खा दिवस, आणि तोही नेमका वाऱ्याचा, रस्त्यात जाईल. भरतीसाठी दिनदर्शिका पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि प्रवाह जोरात असतो, तर अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असल्याने पाणी सौम्य राहते. तारखा थोड्या सरकवता आल्या तर अष्टमीभोवती बसवा. वारा १२ नॉटच्या (ताशी सुमारे २२ किलोमीटरच्या) आत असेल तोवर भाच्याला शिकू द्या. १५ च्या वर गेला, की त्याला लहान शीड द्या किंवा काठावर बसवा.

दांडियाबाजारकर:
मांडवी ठरलीच असेल तर सामानाबद्दल दोन शब्द. टपावर बोर्ड बांधताना पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यावा, नाहीतर महामार्गावर वेग वाढला की तो वाऱ्यात थरथरून असा गुणगुणतो की गाडीत बोलणे अशक्य होते. डोलकाठीचे दोन्ही तुकडे जोडण्यापूर्वी सांध्यातली वाळू गोड्या पाण्याने धुऊन काढावी आणि जोडल्यावर सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळावी. वाळूचे चार कण आत राहिले तरी तुकडे असे अडकतात, की संध्याकाळी दोघांनी दोन बाजूंनी ओढूनही सुटत नाहीत, आणि अखंड डोलकाठी टपावर घालून बडोद्यापर्यंत आणणे जमणार नाही. गोड्या पाण्याचे दोन कॅन भुजलाच भरून घ्या.