गावभर होईल ही भीती
एका ताईंनी विचारलंय, भावाने सरकारी रुग्णालयात एचआयव्ही तपासणी केली तर गावभर होईल का? नाही होणार. आयसीटीसीत, म्हणजे रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक आधी एकांतात बोलतात, संमती घेतात, मगच रक्त. पैसे लागत नाहीत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने काही अपवाद सोडता संमतीशिवाय निकाल कुणाला सांगता येत नाही.

पहिली चाचणी रिअॅक्टिव्ह, म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारी, आली तरी तिथेच खचू नका; वेगळ्या किटवर आणखी दोन होतात, तेव्हा कुठे निदान पक्कं होतं. मात्र संसर्ग होण्यासारखा प्रसंग गेल्या महिन्यातला असेल तर निगेटिव्हवर विसंबू नका, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायलाच लावा. आणि ताई, तुम्हीही सोबत जा. बाहेर बाकावर बसलात तरी त्याला केवढा धीर येईल! आधी काही विचारायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.