'कन्फेशन्स'ला मराठीत काय म्हणायचं?

जास्वंद: संत ऑगस्टीनवर लेख लिहितेय. उत्तर आफ्रिकेतला बिशप, जन्म 354 चा, तागास्ते म्हणजे आजच्या अल्जीरियातला, तरुणपणी नऊएक वर्षं मानी पंथात (मानी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाचा पंथ, जग म्हणजे प्रकाश आणि अंधाराची झुंज मानणारा), मग मिलानला तिथल्या बिशप अँब्रोजची प्रवचनं ऐकून मन पालटलं, 387 च्या ईस्टरला बाप्तिस्मा, पुढे मरेपर्यंत हिप्पो शहराचा बिशप. अडलंय त्याच्या पुस्तकाच्या नावावर. मी 'कबुलीजबाब' लिहिलं, तर संपादक म्हणाले हे पोलीस चौकीतलं वाटतं, 'पापनिवेदन' करा. पण तेरापैकी शेवटचे तीन भाग तर काळ आणि सृष्टीची उत्पत्ती यावर आहेत, त्यात पापाचं निवेदन कुठंय?

दौत: कबुलीजबाबच ठेवा. सोळाव्या वर्षी शेजारच्या झाडाची नासपती चोरली, भूक नव्हती, घरी याहून चांगली होती, बरीचशी डुकरांपुढे टाकली, आणि चाळिशी उलटल्यावर त्यावर पानंच्या पानं लिहिली. ही कबुली नाही तर काय?

रानवारा: कबूल अरबी, जबाबही अरबी. आपल्या भाषेत शब्दांचा दुष्काळ आहे का? 'पापोच्चार' घ्या.

दौत: पेशवाईतल्या कागदांत ठिकठिकाणी कबूल आहे, माझी आजी 'आधी कबूल कर' म्हणूनच कान धरायची. तो शब्द आपलाच झालाय. पापोच्चार कोण बोलतं?

म्हापसेकर: आमच्याकडे गोव्यात पाद्रीपुढच्या कन्फेशनला कुमसार म्हणतात. आजी शनिवारी 'कुमसाराक वता' म्हणायची. आमचे मास्तर सांगायचे, कर्मसारावरून आलाय, कर्मांचं सार.

जुनी वही: नाही हो, तो पोर्तुगीज कॉन्फेसार.

म्हापसेकर: असेल, पण आजीच्या तोंडी तो कर्मसारच वाटायचा, चेहराच तसा व्हायचा तिचा जाताना.

जुनी वही: जास्वंदताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. कन्फेशन्स ज्या लॅटिन क्रियापदावरून आलं त्याचा अर्थ कबुली देणं आणि देवाचं स्तवन करणं, दोन्ही. बायबलच्या 136 व्या स्तोत्रात आपण 'परमेश्वराचे उपकारस्मरण करा' वाचतो, तिथे लॅटिनमध्ये हेच क्रियापद आहे. आणि हा घोळ ऑगस्टीनच्या समोरच झालाय. चर्चमध्ये वाचकानं येशूच्या तोंडचं 'कॉन्फितेओर', म्हणजे याच क्रियापदाचं 'मी' चं रूप, वाचलं की लोक लगेच पश्चात्तापानं छाती पिटायचे, तेव्हा त्यानं प्रवचनात समजावलं की अरे, बोलतोय कोण, त्याला कसलं पाप, हे तर पित्याचं स्तवन आहे. म्हातारपणी आपल्याच पुस्तकांचा आढावा घेताना तो लिहितो की हे तेरा भाग माझ्या वाईटाबद्दल आणि चांगल्याबद्दलही देवाची स्तुती करतात. म्हणून मला 'आत्मनिवेदन' हवंय. सगळं पुस्तक देवाला 'तू' म्हणत लिहिलंय.

रानवारा: आत्मनिवेदन ही नववी भक्ती, म्हणजे स्वतःला देऊन टाकणं. आपली गोष्ट सांगणं नव्हे. आणि निवेदन आता कलेक्टरला देतात.

जुनी वही: देऊन टाकणंच तर आहे! दासबोधात आत्मनिवेदनाच्या समासात 'मी कोण' हा शोध आहे, आणि ऑगस्टीन दहाव्या भागात म्हणतो मीच मला प्रश्न झालोय. त्याच भागात तो देवाला म्हणतो, तू सांगतोस ते करायचं बळ दे आणि मग हवं ते सांग. हे वाक्य रोममध्ये ऐकून पेलागियस नावाचा ख्रिस्ती धर्मशिक्षक भडकला, कारण त्याच्या मते माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीनं चांगलं वागू शकतो. पुढे देवाची कृपा आणि मूळ पाप यावर ऑगस्टीन जे जे लिहीत गेला त्यातलं पुष्कळसं याच वादातून.

दौत: मूळ पाप? मी 'जन्मपाप' ऐकलंय.

रानवारा: जन्मपाप नको, जन्म घेणंच पाप असं वाटतं. आदिपाप म्हणा.

जुनी वही: आदिपाप म्हटलं की आदामानं केलं ते. ऑगस्टीनचं म्हणणं ते प्रत्येक बाळात उतरतं, म्हणून तान्ह्यांचाही बाप्तिस्मा. तेव्हा जन्मपाप अगदीच चूक नाही.

जास्वंद: लेख परवा द्यायचाय. तूर्त 'आत्मनिवेदन' लिहितेय, कंसात कन्फेशन्स.

रानवारा: कंस कशाला? आणि बिशपला मराठी बायबलात 'अध्यक्ष' आहे, तेही बदलाल का?

म्हापसेकर: अध्यक्ष नको हो, सोसायटीचा वाटतो. महागुरुस्वामी म्हणतात की.