मदत हवी आहे : 'अंतरा' इंजेक्शनचा गर्भाशयाच्या अस्तरावरचा परिणाम, प्राणी कोणता निवडू?

नमस्कार मंडळी,

औषधशास्त्र, पशुवैद्यक किंवा प्रजननशास्त्रातलं इथे कोणी असेल तर मार्गदर्शन हवं आहे. पीएचडीचा सिनॉप्सिस लिहिते आहे. विषय डीएमपीए, म्हणजे २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत 'अंतरा' नावाने मिळणारं, दर तीन महिन्यांनी घ्यायचं १५० मि.ग्रॅ.चं गर्भनिरोधक इंजेक्शन. बायका ते मध्येच सोडतात याचं एक मोठं कारण म्हणजे कधीही, कितीही दिवस अंगावरून रक्त जात राहणं. "होईल सवय" एवढंच त्यांना ऐकायला मिळतं, याचा मला फार त्रास होतो. तेव्हा अस्तरातल्या रक्तवाहिन्यांचं नेमकं काय होतं, तेच बघायचं आहे.

घोडं अडलंय ते प्राण्यापाशी. आमच्या ॲनिमल हाऊसमध्ये साधे पांढरे उंदीर आहेत. त्यांचं चक्र चार-पाच दिवसांचं, आणि पाळी येतच नाही. बाईच्या अस्तरात डेसिड्युआची (गर्भ रुजण्यासाठी बदललेल्या, जाड झालेल्या अस्तराची) तयारी दर महिन्याला आपोआप सुरू होते. उंदरात त्यासाठी गर्भ रुजावा लागतो. विभागात सगळे फिन आणि पोप यांचं १९८४ चं मॉडेल सुचवतात : अंडाशय काढायचे, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन द्यायचं, गर्भाशयात तेल सोडून डेसिड्युआ घडवायचा, मग प्रोजेस्टेरॉन बंद करायचं. अस्तर सुटतं, रक्त येतं. पण हे रक्त संप्रेरक काढून घेतल्यावरचं. गोळ्यांच्या पाकिटातल्या रिकाम्या आठवड्यासाठी ते योग्यच आहे. 'अंतरा' घेतलेल्या बाईच्या रक्तात मात्र प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम संप्रेरक, इथे डीएमपीए) असतं आणि तरीही रक्तस्राव होतो, तोही अस्तराच्या वरच्या थरातल्या रुंदावलेल्या, पातळ भिंतीच्या नाजूक वाहिन्यांतून. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गाईडना हे कसं पटवू?

गिनीपिगला डीएमपीए दिल्यावर अशाच रुंद, पातळ वाहिन्या दिसल्याचं वाचलं आहे. त्यांचं चक्रही साधारण १६ दिवसांचं आहे. कोणी गिनीपिगच्या गर्भाशयावर काम केलं आहे का? ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठाने पाळी येणारा काटेरी उंदीर दाखवला, पण तो आम्हाला कुठून मिळणार!

दुसरा प्रश्न डोसचा. जननांगांच्या हर्पीसच्या विषाणूवरच्या प्रयोगांत उंदराला बहुधा २ मि.ग्रॅ. डीएमपीए देतात. २० ग्रॅमच्या उंदराला म्हणजे किलोमागे १०० मि.ग्रॅ.; ५० किलोच्या बाईला पडतात ३. उंदराचा डोस माणसाच्या डोसमध्ये बदलायला शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेला नेहमीचा १२.३ चा गुणक लावला (म्हणजे १०० ला १२.३ ने भागलं) तरी बाईच्या डोसच्या पावणेतीन पट होतात. आणि हळूहळू झिरपणाऱ्या औषधाला हा गुणक लावावा का? की रक्तातली पातळी मोजून ती बाईच्या पातळीशी जुळवावी? माझा कल दुसऱ्याकडे आहे.

प्राणी आणि डोस यांवर एवढं अडून बसण्याला कारण आहे. अमेरिकेत या औषधाची परवानगी १९९२ पर्यंत रखडली. बीगल कुत्र्यांच्या स्तनांतल्या गाठी आणि माणसाच्या ५० पट डोस दिलेल्या दोन ऱ्हीसस माकडिणींच्या अस्तराचा कर्करोग, यांचा त्यात मोठा वाटा होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात बायकांमध्ये उलटंच निघालं : अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी.

शेवटचं, गिनीपिगचं गर्भाशय फिक्स करताना (रसायनात टिकवताना) अस्तर आक्रसू नये म्हणून काय करता? आणि योनीतला रक्तस्राव रोज कसा नोंदवता, नुसत्या स्मिअरवर (काचपट्टीवर घेतलेल्या स्रावाच्या नमुन्यावर) भागतं का? एथिक्स कमिटीला प्राण्यांच्या संख्येचं कारण द्यायचं आहे, त्यामुळे कोणाकडे प्रत्यक्ष अनुभव असेल तर अर्धवट उत्तरही चालेल. व्यनि केलात तरी हरकत नाही.