खड्ड्यामुळे झालेल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई कशी मागावी?

नमस्कार. गेल्या आठवड्यात रात्री पावसात परतताना, पाण्याने भरल्यामुळे अजिबात न दिसणाऱ्या खड्ड्यात माझ्या गाडीचे पुढचे डावे चाक जोरात आदळले. टायर फुटला, रिम वाकली आणि लोअर आर्मही बदलावा लागला. दुरुस्तीला एकूण २३,४०० रुपये खर्च आला. तिथे ना बॅरिकेड होते, ना सूचनाफलक. मागच्या आसनावर माझी आई बसलेली होती, आणि त्या क्षणाची आठवण अजूनही मला अस्वस्थ करते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, पण माझे नुकसान केवळ वाहनाचे आहे. विम्यातून दावा केला, तर पाच वर्षे जपलेला ५० टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विमा हप्त्यात मिळणारी सूट) जाईल. शिवाय ज्यांच्याकडे रस्त्याची देखभाल आहे, त्यांनीच हा खर्च सोसावा, असे मला मनापासून वाटते.

महापालिकेविरुद्ध दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि घटनेपासून सहा महिन्यांची मुदत असते, असे वाचले आहे. खड्ड्याची छायाचित्रे, जुना टायर आणि गॅरेजचे बिल मी जपून ठेवले आहे. केवळ वाहनाच्या नुकसानीसाठी कोणाला भरपाई मिळाली आहे का? नोटिशीत दोषदायित्व कालावधीतील (काम झाल्यावर ठरावीक काळ रस्त्यातील दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी असलेल्या) कंत्राटदारालाही पक्षकार करावे का, आणि पोलिसांत नोंद नसल्यास अडचण येते का, हे कृपया सांगावे.