सात वाजताचा भोंगा आपल्या घरी वाजला तर? (पुस्तकं, टीव्ही, गेम आणि पोरांची वयं)

मोगरा
सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे २०२२ साली गावाने ठरवलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला परत वाजला की चालू. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने पोरांच्या हातात मोबाइल गेले ते शाळा उघडल्यावरही सुटेनात, म्हणून. काल मैत्रिणीशी बोलताना हा विषय निघाला आणि डोक्यातच बसला.
माझी दोन, मुलगा ११ आणि मुलगी ६. माझे नियम सरळ आहेत. पुस्तक कुठल्याही वयात कुठलंही, मी अडवणार नाही. टीव्ही दिवसाला एक तास, तोही आमच्याबरोबर बसून. गेम १६ पर्यंत बंद, विषय संपला. नवरा म्हणतो तू फार कडक आहेस, सासूबाई म्हणतात काहीच कडक नाहीस. तुमच्याकडे काय चालतं सांगा, आणि प्लीज "सगळं प्रमाणात असावं" हे उत्तर नको, ते मलाही येतं.

निशाचर
ताई राग मानू नका पण "गेम" हा काही एक पदार्थ नाहीये. बुद्धिबळ पण गेम, लुडो पण गेम आणि जीटीए पण गेमच. जीटीए ५ वर १८+ लिहिलेलं असतं, मोठ्ठं, तरी वाढदिवसाला पोराला ती घेऊन देणारे बाप मी बघितलेत कारण "गाड्यांचा गेम आहे ना". मग त्यात गाडीवाल्याला खेचून बाहेर काढून मारतात हे कळल्यावर सगळे गेमच वाईट.
मी सातवीत असताना माइनक्राफ्टमध्ये (ठोकळे रचून बांधायचा गेम) रेडस्टोन, म्हणजे त्यातली विजेच्या तारेसारखी चालणारी भुकटी, वापरून आपोआप उघडणारं दार केलेलं, दोन्ही बटणं दाबली तरच उघडायचं, एकाने नाही. तीन दिवस गेले त्यात. पुढे अकरावीला सरांनी अँड गेट शिकवलं तेव्हा मी म्हटलं अरे हे तर आपलं दार आहे. तुमच्या १६ च्या नियमात माझं ते दार राहूनच गेलं असतं.

पाटीपेन्सिल
मोगराताईंना माझा पाठिंबा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सहावी. सोमवारी पहिल्या तासाला निम्मी पोरं डुलक्या काढतात, विचारलं की "बाई रात्री मॅच होती", कसली मॅच तर बंदुकांची. बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, २०२३ मध्ये बंदी उठून परत आला तेव्हा १८ च्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातलेली, कागदावर छानच आहे. पण अशा गेममध्ये माझ्या वर्गातल्या पोरांच्या जन्मतारखा बघाल तर सगळी १९८८ सालची, म्हणजे आईची तारीख टाकलेली. एकाने तर आजीची टाकली होती, ७१ वर्षांचा सहावीतला मुलगा.
निशाचर, तुमच्यासारखा दार बनवणारा वर्गात एखादा निघतो. बाकीचे डुलक्याच काढतात.

अडगळ
"पुस्तक कुठल्याही वयात कुठलंही" हे वाचून हसू आलं. आमच्या लहानपणी पुस्तकंच वाईट होती हो! बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा गादीखाली सापडली म्हणून वडलांनी माझ्यासमोर फाडली होती, वर लायब्ररीचा दंड मलाच भरायला लावला. झुंजार नि काळापहाड वाचून पोरगं वाया जाणार असं घरोघरी बोललं जायचं, अगदी आता गेमबद्दल बोलतात तसंच.
आणि चांदोबा? सगळे गहिवरून आठवण काढतात, पण दर महिन्याला त्यात विक्रमादित्य स्मशानात जाऊन झाडावरचं प्रेत खांद्यावर टाकायचा आणि ते प्रेत बोलायचं. हे आम्ही आठव्या वर्षी जेवताना वाचायचो, एका हातात घास.
दहाव्या वर्षी थोरल्या भावाचं नारायण धारपांचं पुस्तक चोरून वाचलं. संडास परसात होता. दोन महिने रात्री एकटा गेलो नाही, भाऊ सोबत यायचे दहा पैसे घ्यायचा. तेव्हा पुस्तकाला वय लागत नाही असं मला सांगू नका.

मोगरा
@अडगळ काका, दहा पैसे वाचून खूप हसले. पण तुमचंच उदाहरण घ्या ना, तुम्ही घाबरलात आणि पुस्तक मिटलं. पुस्तक मिटलं की मिटतं. उशाशी ठेवलं तर रात्री दोन वाजता "परत ये, तुझं गाव लुटलं" असा मेसेज पाठवत नाही. आज आला नाहीस तर तुझं बक्षीस जाईल असंही म्हणत नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे, मारामारी तर महाभारतात पण आहे.

निशाचर
ताई हा मुद्दा एकदम मान्य. पण मग तुमचा नियम वयाचा नाहीये, तो संपणाऱ्या आणि न संपणाऱ्या गेमचा आहे. विकत घेतलेला गोष्टीचा गेम वीस-तीस तासात संपतो, शेवटी नावं येतात, पोरगं उठतं. फुकटवाल्यांना मुळात शेवटच नसतो कारण त्यांची कमाई तुम्ही रोज येण्यावर. आपले लोक ९०० रुपयांचा गेम महाग म्हणून घेत नाहीत आणि फुकटचा हातात देतात. सगळ्यात महाग तोच पडतो.

सहा_वाजताचा_चहा
महाग पडतो याला साक्षीदार मी. भाचा ९ वर्षांचा, आजोबांच्या फोनवर असाच एक फुकट गेम. आजोबांना फोनवर आलेला ओटीपीचा आकडा मोठ्याने वाचायची सवय. भाच्याने शेजारी बसून ऐकला आणि टाकला, असं पाच वेळा. ४,३०० रुपये. काय घेतलं तर बंदुकीला सोनेरी रंग! बंदूक तीच, गोळी तीच. आजोबा अजून विचारतात, "रंगच हवा होता तर मी डबा आणून दिला असता की."

चिमुकलीची_आई
तुम्ही सगळे ९ आणि ११ चं बोलताय, माझी दीड वर्षाची आहे आणि गाण्याचे व्हिडिओ लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या बाळांनाही बसून स्क्रीन बघायला लावू नये आणि २ ते ४ वयाला जास्तीत जास्त एक तास, कमी तेवढं बरं. मला हे तोंडपाठ आहे. पण सकाळी साडेआठला मला ऑफिसला निघायचंय आणि वाटीत भात तसाच आहे, तेव्हा ती संघटना येत नाही घास भरवायला.

आजी_नंबर_१
चिमुकलीच्या आई, एक दिवस उपाशी राहू दे, दुसऱ्या दिवशी खाते. तीन वाढवलीत, सांगते.
आता माझं. मी ७० ची, आणि तो भोंगा आमच्याकडे वाजवायला कोणी आलं तर त्याला चहा देऊन परत पाठवीन. साडेसातला माझी मालिका असते. दिवसभर घरात बोलायला कोणी नाही, सगळे येतात ते मान खाली घालून मोबाइलमध्ये. टीव्ही तरी माझ्याकडे तोंड करून बोलतो.

पाटीपेन्सिल
आजी नमस्कार. तुमची मालिका तुम्ही बघाच, पण तेव्हा नातवंडं कुठे असतात? माझ्या वर्गातल्या मुलीने निबंधात लिहिलं होतं, "माझ्या काकूच्या मनात कट आहे". चौकशी केली तर बिचाऱ्या काकूने फक्त वेगळा गॅस घेतला होता. घरातले जेवताना जे बघतात तेच पोरं बघतात आणि त्याला वयाचं रेटिंग लावायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही.

अडगळ
रेटिंगवरून आठवलं. शिनचॅन आपल्याकडे लहान पोरांचं कार्टून म्हणून आलं, पोरं मोठ्यांना उलट बोलायला लागली म्हणून ओरड झाली, २००८ मध्ये बंदी आली, मग काटछाट करून परत. गंमत अशी की जपानमध्ये १९९० ला ती चित्रकथा सुरू झाली तीच मुळी मोठ्यांच्या मासिकात. चित्र आहे म्हणजे लहान मुलांचं हे आपणच ठरवलं. उलटंही होतं, किशोर मासिक १९७१ पासून बालभारती काढतंय मुलांसाठी, त्याचे जुने अंक नेटवर फुकट आहेत आणि माझ्या ओळखीत ते वाचणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे.

लोणचं_परदेशी
आम्ही नेदरलँड्समध्ये. मुलगा १०, मराठी समजायचं पण उत्तर डचमध्ये. आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं, "हाय आजी, बाय आजी". मराठी पुस्तकं बॅगा भरभरून आणली, शपथेवर सांगतो एक उघडलं नाही त्याने. मग नाशिकचा चुलतभाऊ आणि तो शनिवारी माइनक्राफ्ट खेळायला लागले, तिकडे संध्याकाळ इकडे दुपार. आता खोलीतून आवाज येतो, "अरे मागे बघ मागे! झोंबी आला! तू खणत काय बसलायस येड्या!" येड्या हा शब्द घरात कोणी शिकवला नव्हता. डावं-उजवं, खाली-वर, थांब, पळ, माझं सोनं दे, सगळं मराठीत. बायको म्हणते भाषा जरा रांगडी होतेय. मी म्हणतो होऊ दे.
तेव्हा १६ पर्यंत बंद म्हणजे आमच्याकडे मराठीच बंद झाली असती.

कडक_इस्त्री
चीनने २०२१ मध्ये केलं ते बरोबर. १८ खालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९, ऑनलाइन गेम तेवढाच. सरकारने करायला हवं, आईबापाच्या हातात राहिलेलं नाही.

निशाचर
@कडक_इस्त्री आणि मग पोरं आजीच्या जन्मतारखेने खेळणार, वर बाईंनी लिहिलंय की. आपल्याकडे २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या गेमवर कायद्याने बंदी आणली, ती बंदी कोणासाठी आणावी लागली? पत्ते लावणारे काय सहावीतले होते का? आमच्या बिल्डिंगमधले एक काका रमीमध्ये गाडी विकून बसले. त्यांच्या घरी पोराला मात्र अर्धा तास कार्टून, घड्याळ लावून.

कडक_इस्त्री
काकांचं चुकलं म्हणून पोराला मोकळं सोडायचं का?

निशाचर
सोडा असं कुठे म्हटलं. बाजूला बसा म्हटलं. माझा बाप एकदा बसला होता, दहा मिनिटं, विचारलं "यात जिंकायचं कसं?" मी म्हटलं जिंकायचं नसतंच यात, बांधायचं असतं. म्हणाला, "मग सिव्हिलला घाला याला." परत बसला नाही, पण चार्जर लपवायचा बंद झाला.

पाटीपेन्सिल
बाजूला बसण्यावरून, मागच्या वर्षी वर्गात श्यामची आई वाचून दाखवत होते. शेवटाकडे पोरी रडायला लागल्या, माझा पण आवाज गेला. मागच्या बाकावरचा एक, हाच रात्री मॅचवाला, हात वर करून म्हणतो, "बाई, तिला दवाखान्यात का नाय नेलं?" मला आधी राग आला. मग अर्धा तास त्यावरच गेला, पैसे नसणं, तालुक्याला दवाखाना नसणं, औषधंच तेव्हा काय होती. त्याने एकट्याने वाचलं असतं तर बहुतेक पहिल्या पानावर झोपला असता. पण त्याचा फोन अजून माझ्या कपाटात आहे हेही सांगते.

मोगरा
सगळ्यांचं वाचतेय. गेमची यादी निशाचरकडून मागवलीये, संपणाऱ्यांची, १६ चं ११ करेन असं अजून म्हणत नाहीये. पुस्तकाचा नियम मात्र बदलला, काकांच्या दहा पैशांमुळे, लेकीच्या कपाटाचा वरचा कप्पा मी रिकामा केला.
आणि तीन दिवस आमच्याकडे सातचा भोंगा सुरू केलाय, भोंगा म्हणजे कुकरची शिट्टी. पहिल्या दिवशी मुलगा खिडकीत उभा राहून रस्ता बघत होता, दीड तास, जसं काही जेलमध्ये टाकलंय. दुसऱ्या दिवशी बहिणीला सापशिडीत फसवत होता, रडारड झाली. सासूबाई आपल्या खोलीत आवाज बारीक करून मालिका बघतात, दाराखालून निळा उजेड येतो, आम्ही काही बोलत नाही. काल सव्वासातला मुलगा पुस्तक घेऊन बसला खरा, पण पाच मिनिटांनी मान वर करून विचारतो, "आई, बाबा बाथरूममध्ये इतका वेळ काय करतायत?"

आजी_नंबर_१
सासूबाईंना माझा नमस्कार सांग.